काकांची श्रीमंती शून्य धरा

नातेवाईक गडगंज आहे पण महाकंजूष आहे, अशी तक्रार कानावर आली की आधी एकच विचारावं: तो वाचवतो ते पैसे कुणाचे? स्वतःचे की तुमचे? उत्तर देताना माणसं अडखळतात, कारण ‘चिक्कू’ या एका शब्दाखाली त्यांनी तीन वेगळ्या गोष्टींचा राग कोंबलेला असतो.

एक जण चप्पल शिवून शिवून वापरतो, रिकाम्या खोल्यांतले दिवे बंद करत घरभर फिरतो आणि जुनी गाडी सोडत नाही. तो स्वतःवर खर्च करत नाही, एवढंच. यात तुमचं काहीच जात नाही. चेष्टा करा हवी तर, तक्रार कशाला? दुसरा स्वतःवर भरपूर उधळतो, पण भाच्याच्या फीसाठी मदत मागितली की हात आखडता घेतो. याचं वाईट वाटतं, वाटणारच. तरी तो तुमचं काही देणं लागत नाही. तिसरा मात्र स्वतःचा खर्च दुसऱ्याच्या अंगावर ढकलतो. सहलीची कल्पना त्याची, महागडं हॉटेल निवडणार तो, आगाऊ रक्कम भरणार तुम्ही, आणि हिशेबाचा विषय निघाला की त्याला फोन येतो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारा हाच.

बंदोबस्त करायचा तो फक्त तिसऱ्याचा. पहिल्या दोघांवर खर्ची पडणारी चिडचिड वाचवली तर तिसऱ्यासाठी लागणारा शांतपणा शिल्लक राहतो.

हा फरक जुनाच आहे. अठराव्या शतकातला इंग्लंडचा जॉन एल्वेस (१७१४–१७८९) कंजुषीसाठी जगप्रसिद्ध झाला. पार्लमेंटचा सभासद होता, पण कपडे भिकाऱ्यासारखे घालायचा. अंगावर खर्च करायचा नाही म्हणजे नाहीच. आणि तोच एल्वेस मित्रांना न मागता हजारो पौंड उसने द्यायचा आणि परत मागायला संकोचायचा. म्हणजे जगाने ज्याला चिक्कू म्हटलं, त्याच्या नातेवाइकांचं त्याने काही लुबाडलं नव्हतं.

आधी नोंद, मग राग

आपला माणूस कोणत्या प्रकारचा हे आठवणीवरून ठरवू नका. आठवण पक्षपाती असते. रॉस आणि सिकोली या संशोधकांनी १९७९ मध्ये दाखवलं की जोडप्यातल्या दोघांना वेगवेगळं विचारलं, घरातल्या कामांत तुमचा वाटा किती, तर दोघांच्या वाट्यांची बेरीज बहुधा शंभर टक्क्यांच्या वर जाते. कुणी मुद्दाम खोटं बोलत नाही. स्वतः केलेलं ठसठशीत आठवतं, दुसऱ्याने केलेलं पुसट होतं. पैशांचंही तसंच असतं.

म्हणून पुढचे दहा प्रसंग लिहून काढा. दहाच. पाच गोष्टी टिपायच्या: खर्चाची कल्पना कुणाची, दर्जा कुणी ठरवला, पैसे आधी कुणी भरले, परत यायला किती दिवस लागले, आणि आठवण करून द्यावी लागली का. चुकतं ते इथे, की माणसं फक्त चीड आणणारे प्रसंग लिहितात. त्याने गाडीने नेऊन सोडलं, ओळखीने काम करून दिलं, आठ दिवस घरी ठेवून घेतलं, हेही त्याच कागदावर यायला हवं. दहापैकी सहा-सात वेळा कल्पना आणि दर्जा त्याचा आणि पैसे तुमचे असं निघालं, तर तो तिसरा प्रकार. दोन-तीनदाच निघालं तर विसराळूपणा समजा. त्याला एक मेसेज पुरतो.

आणखी एक गफलत. घर, जमीन, कारखाना यांत अडकलेली श्रीमंती आणि हातातला पैसा या वेगळ्या गोष्टी. कोटींच्या मालमत्तेचा मालक महिन्याच्या अखेरीस खरोखरच चणचणीत असू शकतो. हप्ते चालू असतात, धंद्याची येणी थकलेली असतात, नावावर जे आहे ते भावांत विभागलेलं असतं. बडा घर पोकळ वासा, म्हणतात ते उगाच नाही. तो मोकळेपणाने हे सांगणार नाही, कारण सगळी पत त्या मोठेपणावर उभी असते. चाचणी सोपी आहे: अडचण असलेला माणूस खर्च कमी करायला सुचवतो, स्वस्तातलं हॉटेल बघतो. ढकलणारा माणूस दर्जा कमी करत नाही, फक्त बिलाच्या वेळी मागे सरकतो.

पैसे देताना दुखतं, खरोखर

कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या वर्तुळातून पुढे आलेलं एक संशोधन या विषयात फार कामाचं आहे. स्कॉट रिक, सिंथिया क्रायडर आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांचा हा २००८ मधला निबंध, तेरा हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीवर आधारलेला. त्यांनी काटकसरी आणि चिक्कू यांत स्पष्ट रेघ मारली. काटकसरी माणसाला बचतीचा आनंद होतो. चिक्कू माणसाला खर्चाची वेदना होते, इतकी की जो खर्च करायला हवा हे त्यालाही पटतं तोसुद्धा तो टाळतो. दोघांचं पासबुक सारखं दिसेल, स्वभाव नाही.

वेदना हा शब्द अलंकारिक नाही. त्याच्या आदल्या वर्षी मेंदूची चित्रं घेणाऱ्या एका प्रयोगात दिसलं होतं की किंमत जास्त वाटली की मेंदूतला इन्सुला हा भाग उत्तेजित होतो. शारीरिक वेदना आणि किळस यांच्याशीही याच भागाचा संबंध आहे.

यातून व्यवहारासाठी तीन गोष्टी निघतात. एक, वेदना नुसत्या रकमेवर नाही, किती वेळा द्यावं लागतं यावरही अवलंबून असते. बारा वेळा मागितलेल्या छोट्या रकमेपेक्षा वर्षातून एकदा मागितलेली ठोक रक्कम अशा माणसाकडून सहज सुटते. दोन, आधी भरलेले पैसे नंतर भरायच्या पैशांपेक्षा कमी टोचतात, कारण मजा येते तेव्हा बिल समोर नसतं. तीन, शब्दांनी फरक पडतो. याच संशोधनात एक ठरावीक शुल्क नुसतं ‘शुल्क’ म्हणून सांगितलं आणि ‘छोटंसं शुल्क’ म्हणून सांगितलं, तर चिक्कू गटातले लोक दुसऱ्या वेळी ते भरायला जास्त तयार झाले. सैल हाताच्या माणसांना त्या शब्दाने विशेष फरक पडला नाही. तेव्हा ‘तुमच्यासाठी काय मोठी गोष्ट आहे काका!’ हे वाक्य तोंडातून काढू नका. त्यात तुम्ही त्यांच्या खिशाकडे बोट दाखवता आणि दुखरी जागाच दाबता. ‘प्रत्येकी छोटीशी रक्कम येते, एकदाच भरायची आहे’ हे जास्त चालतं.

श्रीमंताच्या बाजूने आणखी एक थर असतो, संशयाचा. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला प्रत्येक गोड बोलण्यामागे मागणी दिसायला लागते. तेलसम्राट जे. पॉल गेटी याने इंग्लंडमधल्या आपल्या वाड्यात पाहुण्यांसाठी नाणं टाकून चालणारा फोन बसवला होता. जग हसलं. त्याचं म्हणणं असं की येणारेजाणारे त्याच्या फोनवरून दूरदूरच्या गावांना फुकट बोलत होते. फोनच्या बाबतीत मी गेटीच्या बाजूने आहे. नातवाच्या बाबतीत नाही. १९७३ मध्ये रोममध्ये त्याच्या नातवाचं अपहरण झालं, नातवाचा कान कापून पाठवला गेला, तेव्हा कुठे खंडणीची तडजोड ठरली; आणि गेटीने साधारण २२ लाख डॉलर, म्हणजे करातून वजावट मिळेल तेवढेच, स्वतः दिले. वरची रक्कम त्याने आपल्या मुलाला चार टक्के व्याजाने कर्जाऊ दिली.

हे उदाहरण टोकाचं असलं तरी त्यातून कळतं की काही माणसांच्या बाबतीत प्रसंग कितीही मोठा असो, नियम बदलत नाही. म्हणून माझा सल्ला थोडा रुक्ष आहे: कोणताही बेत आखताना श्रीमंत नातेवाइकाचा पैसा शून्य धरा. तो देईलच, तो काय मागे हटणार, वेळ आली की तोच उभा राहील, या वाक्यांवर एक पैशाचाही खर्च बांधू नका. आले तर वरचे.

बिलाचं टेबल

हॉटेलात जमलेल्या सहा-आठ जणांत बिल सारखं वाटायचं ठरलं की सगळेच थोडं जास्त मागवतात. इस्रायलमध्ये केलेला ग्नीझी, हारुवी आणि याफे यांचा प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा-सहा जणांचे गट हॉटेलात नेले. आपापलं बिल भरायचं असलेल्यांनी सर्वांत कमी मागवलं, सारखी वाटणी असलेल्यांनी त्याहून जास्त, आणि ज्यांचं बिल दुसराच भरणार होता त्यांनी सर्वांत जास्त. गंमत म्हणजे आधी विचारलं तेव्हा ८० टक्के लोकांना आपापलं भरणंच पसंत होतं. म्हणजे जवळजवळ सगळ्यांना हवं ते एकच, पण बोलायचं कुणी?

बोलायची वेळ मागवण्याआधीची. वेटर पहिल्यांदा टेबलाशी येतो तेव्हा त्याला सांगा, ‘आमची बिलं वेगवेगळी करा.’ नातेवाइकांना उद्देशून काहीही बोलू नका. शेवटी बिल आल्यावर हेच सांगितलं तर तो आरोप वाटतो, सुरुवातीला सांगितलं तर व्यवस्था वाटते.

पाकीट विसरणाऱ्यांनी आता रूप बदललंय. फोनला रेंज नाही, अॅप चालत नाही, बँकेचा सर्व्हर बंद आहे. ठीक आहे, भरा तुम्ही. पण त्याच रात्री बिलाचा फोटो आणि त्यांच्या वाट्याचा आकडा पाठवा. मजकूर एवढाच: ‘आत्या, आजचं बिल सोबत जोडलंय. तुमच्याकडचे तिघांचे इतके होतात. याच नंबरवर पाठवा.’ पुढे ‘सावकाश द्या’, ‘कधीही चालेल’, ‘घाई नाही’ यातलं काहीही लिहायचं नाही. उधारी बुडते ती बहुतेक वेळा समोरच्याच्या लबाडीपेक्षा या तीन वाक्यांनी. सातव्या दिवशी एक आठवण द्या. त्यानंतर गप्प बसा, रक्कम बुडीत खात्यात टाका, आणि पुढच्या वेळी त्यांचे पैसे आले की मगच बुकिंग करा. तिसरी आठवण पाठवणाऱ्याला पैसे मिळत नाहीत, वर ‘पैशासाठी मागे लागतो’ हे नाव मिळतं.

एकत्र प्रवासाचंही असंच. बुकिंगच्या दहा दिवस आधी अंदाजपत्रक सगळ्यांना एकाच मेसेजमध्ये जावं: प्रवास, मुक्काम, स्थानिक गाडी, आणि एकूण रकमेच्या दहा टक्के आकस्मिक. शेवटी एक तारीख. ‘या तारखेपर्यंत ज्यांचे पैसे येतील त्यांची तिकिटं काढतो.’ मग ती तारीख पाळायची. मोठ्या काकांचे आले नसतील तर त्यांचं तिकीट काढायचं नाही. सगळे नियम इथेच मोडतात. भिडेखातर एकाचं तिकीट काढलं की उरलेल्या सगळ्यांना कळतं की तारखेला अर्थ नव्हता.

आईवडिलांचा खर्च, आणि तिघं भावंडं

भावंडांत आग लागते ती इथे, म्हणून जरा सविस्तर.

समजा तिघं भावंडं आहेत. महिन्याची मिळकत मोठ्या दादाची १०, ताईची ४, धाकट्याची २. (एकक कोणतंही धरा.) आईवडिलांवर महिन्याला ४ खर्च होतो. दादा म्हणतो, ‘सगळे सारखेच, तिघांनी समान भरा.’ ऐकायला न्याय्य आहे. प्रत्येकी १.३३. दादाच्या मिळकतीच्या १३ टक्के जातात, ताईच्या ३३, धाकट्याच्या ६७. मिळकतीच्या प्रमाणात वाटलं तर २.५, १ आणि ०.५ येतात, म्हणजे तिघांचेही २५ टक्के. पण धाकट्याला पाव मिळकत सोडणं आणि दादाला पाव मिळकत सोडणं हेही सारखं नाही. म्हणून मला पटणारी तिसरी पद्धत अशी: प्रत्येकाच्या मिळकतीतून आधी साधा घरखर्च वजा करा. तो प्रत्येकी १.५ धरला तर उरतात ८.५, २.५ आणि ०.५. या शिलकेच्या प्रमाणात वाटणी केली की दादाकडे २.९६, ताईकडे ०.८७, धाकट्याकडे ०.१७.

चिक्कू श्रीमंत भाऊ तिसऱ्या पद्धतीला हो म्हणत नाही. बहुतेकदा दुसरीलाही नाही, कारण त्यासाठी मिळकत उघड करावी लागते. तिथे भांडण उकरून वर्ष घालवू नका. सगळ्यात कमी ऐपतीचा माणूस न कुरकुरता किती देऊ शकतो तो आकडा घ्या, तिघांकडून तेवढा समान घ्या, आणि मूळ व्यवस्था त्या रकमेत बसवा. कमी पडत असेल तर उघडपणे सांगा की एवढ्यात हे होतं आणि हे होत नाही. मग दादा म्हणेल, ‘आईला स्वतंत्र खोलीच हवी, रात्रीची नर्सही हवी.’ उत्तर ठरलेलं असू द्या: ‘छान होईल दादा. या दोन्हींचा फरक महिन्याला इतका आहे, तो तू भर.’ दर्जा ठरवेल त्याने फरक भरायचा. या एका नियमाने अर्धी कटकट संपते, कारण फुकटचं मोठेपण बंद होतं.

जो जवळ राहून सेवा करतो त्याच्या वेळेचं काय? यावर सगळे गोड बोलतात आणि कुणी आकडा काढत नाही. काढा. चार आठवडे तास टिपा: दवाखाना, औषधं, अंघोळ, रात्रीची जाग. आठवड्याची सरासरी काढा. तेवढ्या तासांसाठी बाहेरून माणूस ठेवला असता तर काय दर पडला असता, त्याने गुणा. पूर्ण रक्कम घ्या असं मी म्हणत नाही. निम्मी जरी धरली तरी बहुतेक घरांत त्या भावंडाचा वाटा वजा होऊन वर उरतं. नेहमी घडतं ते असं: सेवा करणारी व्यक्ती पहिले सहा महिने ‘आपल्याच माणसांचे कसले पैसे’ म्हणते, दीड वर्षाने थकते, आणि मग एका रात्री सगळा हिशेब रागात बाहेर काढते. रागात काढलेला हिशेब बरोबर असला तरी कुणी मानत नाही.

खर्चासाठी बँकेत वेगळं खातं काढा. पगारानंतर दोन-तीन दिवसांत आपोआप रक्कम वळती होईल अशी सूचना तिघांनी बँकेत द्यावी. सुरुवातीला तीन महिन्यांचा खर्च जमा ठेवायचा. खातं सांभाळणारा शक्यतो सर्वांत श्रीमंत नसावा, कारण तो दर पावतीवर उलटतपासणी घेतो. आणि सर्वांत दुखावलेलाही नसावा, कारण तो प्रत्येक पावतीला टोमणा जोडतो. न विचारता किती खर्च करता येईल याची मर्यादा ठरवून टाका. पावत्यांचे फोटो एका ठिकाणी, महिन्याअखेर एका पानाचा गोषवारा: मागची शिल्लक, जमा, खर्च, पुढची शिल्लक. त्याहून मोठा हिशेब कुणी वाचत नाही, आणि वाचला जात नाही तिथेच ‘पैसे कुठे जातात कळत नाही’ हे सुरू होतं.

एक बारीक पण घातक चूक. खात्यात पैसे संपत आले की सांभाळणारा पदरमोड करतो, ‘नंतर घेईन’ म्हणून. तीन महिने झाले की ती रक्कम कुणाच्याच लक्षात राहत नाही, त्याच्याशिवाय. शिल्लक एका महिन्याच्या खर्चाखाली गेली की त्याच दिवशी तिघांना मेसेज, हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा.

फुकट ते पौष्टिक

भाचा वकील, पुतणी आर्किटेक्ट, जावई डॉक्टर. श्रीमंत नातेवाइकाला बाहेर मोजावे लागणारे पैसे इथे वाचतात. ‘जरा बघ ना’ या तीन शब्दांत पंधरा दिवसांचं काम मावतं. फोनवरचा सल्ला फुकट द्या, वीस मिनिटांपर्यंत, आनंदाने द्या. त्यापुढे गेलं की कामाची व्याप्ती लिहून पाठवा: काय काय करणार, किती वेळा बदल करून देणार, कधी संपणार. खाली पूर्ण फी, त्याखाली ‘घरचे म्हणून सूट’ अशी वेगळी ओळ, आणि मग देय रक्कम. सूट न दाखवता थेट कमी आकडा सांगितला तर तोच तुमचा बाजारभाव ठरतो, आणि त्यावर पुन्हा घासाघीस होते. निम्मे पैसे आधी घ्यायचे. ते देणार नाही म्हणाला तर काम सुरू होण्याआधीच कळलं, हा फायदाच.

त्याच्याकडून कर्ज घ्यायची वेळ आली तर व्याज तुम्हीच पुढे करा. बिनव्याजी कर्जाचं व्याज दुसऱ्या नाण्यात भरावं लागतं: प्रत्येक समारंभात ऐकवलं जाणं, गाडी चालवायला बोलावणं, मतं मुकाट ऐकणं. रक्कम, व्याज, हप्त्याची तारीख आणि शेवटचा हप्ता कधी, हे दोघांच्या सहीने एका कागदावर आणा. कंजूष माणसं असे कागद फार छान पाळतात. उधळ्यांपेक्षा बरे.

आणि वारसा. ‘हे सगळं शेवटी तुमचंच आहे’ या वाक्यावर वर्षानुवर्षं गाडी हाकली जाते. वरचा एल्वेस स्वतः अशाच एका मामाचा वारस होता. आईचा भाऊ सर हार्वी एल्वेस हा त्याच्याहून कडक चिक्कू. त्याला भेटायला जाताना जॉन वाटेतल्या खाणावळीत चांगले कपडे उतरवून जीर्ण कपडे घालायचा. मग दोघं मिळून एका जागी बसून जगाच्या उधळपट्टीला नावं ठेवायचे आणि मेणबत्ती वाचवायला अंधार पडताच झोपायचे. १७६३ मध्ये मामा गेला आणि अडीच लाख पौंडांच्या घरातली संपत्ती जॉनला मिळाली. त्याचं जमलं. पण सोंग करता करता ते अंगात मुरलं हेही खरं. शिवाय मृत्युपत्र करणारा शुद्धीत असेपर्यंत ते कितीही वेळा बदलू शकतो. अपेक्षेपोटी केलेल्या सेवेची पावती नसते. जे प्रेमाने करावंसं वाटतं ते करा, बाकीच्यासाठी वारशाची किंमत शून्य धरा आणि मग बघा, रविवार मोकळा होतो का.

भेटवस्तूंबद्दल फार बोलण्यासारखं नाही. श्रीमंत मावशीने स्वस्तातलं काही दिलं तर ते स्वस्तातलं आहे, बस. तुम्ही स्वतःच्या ऐपतीने वर्षाचा एक आकडा ठरवा आणि समोरच्याच्या श्रीमंतीकडे पाहून तो वाढवू नका. मुलांनी ‘आजोबांकडे एवढे पैसे असून असं का दिलं’ विचारलं तर ‘त्यांना पैसे खर्च करायला आवडत नाही’ एवढं खरं उत्तर पुरेसं आहे.

टोमणे मात्र बिलकूल चालत नाहीत. लेकी बोले सुने लागे या पद्धतीने केलेली शेरेबाजी त्याला समजतेच, पण तो ती न समजल्याचं दाखवतो आणि पुढच्या वेळी आणखी सावध होतो. चारचौघांत मागणं तर सगळ्यात वाईट. एकाला सगळ्यांसमोर दिलं की उद्या सगळे मागतील, ही भीती त्याला तिथल्या तिथे नाही म्हणायला लावते. एकट्याला भेटा. आकडा, कारण, तारीख सांगा, आणि नाही म्हणायची वाट मोकळी ठेवा: ‘काका, अमक्या कामासाठी इतके कमी पडतायत, या तारखेपर्यंत हवेत. जमत नसेल तर सांगा, मी दुसरीकडे बघतो.’ हो किंवा नाही, दोन दिवसांत कळतं. ‘बघू’ म्हणाले तर ते नाही समजायचं.

अचानक आलेली कंजुषी

आयुष्यभर सैल हाताचा माणूस साठी-सत्तरीनंतर एकदम पैशाला चिकटला तर ते स्वभावावर ढकलू नका. तीव्र नैराश्यात काही वृद्धांना आपण कंगाल झालो आहोत असा ठाम भ्रम होतो. बँकेची कागदपत्रं दाखवूनही तो हटत नाही. औषधं घेणं, खाणं, दिवा लावणं बंद होतं. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला पैसे कुणी चोरतंय हा संशयही येतो. आणि तिसरी शक्यता, जी घरचे सगळ्यात उशिरा पाहतात: त्यांचे पैसे खरोखरच दुसरं कुणीतरी ताब्यात घेतलंय, आणि ते सांगायला घाबरतात किंवा लाजतात.

जन्मभराच्या चिक्कूपणाचीही एक वैद्यकीय बाजू आहे. मनोविकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन मार्गदर्शक ग्रंथाच्या २०१३ मधल्या पाचव्या आवृत्तीत ऑब्सेसिव्ह-कंपल्सिव्ह व्यक्तिमत्त्व विकाराच्या आठ लक्षणांत हे एक आहे: स्वतःवर आणि इतरांवरही हात आखडून खर्च करणं, पैसा म्हणजे पुढच्या संकटांसाठी साठवायची वस्तू असं मानणं. आठांपैकी किमान चार जुळावी लागतात, तेव्हा प्रत्येक कंजूष काकांवर हे लेबल चिकटवू नका.

अचानक झालेल्या बदलात पाहायचं ते असं: कधीपासून, कोणत्या घटनेनंतर, झोप आणि भूक कशी आहे, वजन उतरलं का, बिलं न उघडता पडली आहेत का, खात्यातून नेहमीपेक्षा वेगळ्या रकमा गेल्या आहेत का, नवीन कुणी माणूस त्यांच्या वतीने बोलायला लागला आहे का. पैशावरून वाद घालून भ्रम जात नाही, उलट वाद घालणाराच संशयितांच्या यादीत जातो. ‘तुमच्याकडे भरपूर आहे हो’ असं दहादा सांगण्याऐवजी झोप आणि भूक यांचं निमित्त काढून डॉक्टरांकडे न्या, आणि जाताना हे सगळं तारखांसह एका कागदावर लिहून सोबत घ्या. तपासणीच्या खोलीत वडीलधारी माणसं एकदम टवटवीत होतात आणि ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतात. तेव्हा तो कागद डॉक्टरांच्या हातात आधीच गेलेला असावा.